दोन लक्ष्मी

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं नवराबायको अवरे सोलत बसलो होतो. अवरे म्हणजे पावट्याचाच भाऊ, थंडीत बेंगळूरात जिकडे बघाल तिकडे त्याचे ढीग. दाणा भिजवायचा, चिमटीत दाबायचा, आतला गर टुणकन उडतो आणि साल बोटांत राहतं. सुशीलाचे सगळे गर पातेल्यात पडायचे, माझे जमिनीवर. "जन्मभर सुईत दोरा ओवलात आणि एक दाणा धरता येत नाही," ती म्हणाली. मग सहज बोलल्यासारखं, वर न बघता, "उद्या दहा वाजता तुमकूरला फोन. कृष्णाक्कांना सांगून ठेवलंय. या खेपेला तुम्ही बोलायचं." मी म्हटलं, "बघू." "बघू नाही. सरी म्हणा." मी सरी, म्हणजे बरं, म्हटलं, कारण मला चहा पाहिजे होता. पाचच्या सुमाराला तिनं अवऱ्याचं सार उकळायला ठेवलं आणि पाठीत कळ येते म्हणून ओट्याला टेकून खाली बसली. ऑटोतून हॉस्पिटलात नेलं. सात वाजायच्या आत डॉक्टर बाहेर आले... एवढंच. ह्याच्यावर जास्त मला लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही.

दीड महिना झाला. मी शिंपी माणूस, मल्लेश्वरमात पंचेचाळीस वर्षं मशीन चालवलं. शाळा चार इयत्ता, तीही कन्नड. मराठी अक्षरं आईनं घरी पाटीवर शिकवली. आमची मराठी ऐकून पुण्याची माणसं तोंडावर हात धरतात, धरू देत. पण त्या फोनमागे काय होतं ते लिहून ठेवायला पाहिजे, कारण ते सगळं सुशीलाचं काम आहे आणि ती आता सांगायला येणार नाही.

सुरुवात झाली मुलाच्या सासरी. मुलगा पुण्यात नोकरीला, तिथलीच सून. नातवाच्या बारशाला विहीणबाईंनी विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं?" सुशीला म्हणाली, "बेंगळूर." "ते हो, पण मूळ?" मला असल्या प्रश्नांचं काही वाटत नाही. घरात सांगायचे की आम्ही मराठ्यांच्या लष्कराबरोबर तंबू शिवायला म्हणून आलो आणि इथंच राहिलो. तीनशे वर्षं, साडेतीनशे, कुणी मोजलीत? पण हिला ते लागलं. परत येताना गाडीत रात्रभर जागी होती. उतरल्यावर म्हणाली, "आपण आभाळातून पडलो का?"

मुलानं टॅब दिला होता, त्यावर तिला वंशावळीची एक वेबसाइट सापडली. जगातली माणसं तिथं आपापली झाडं लावून ठेवतात आणि तुमची फांदी दुसऱ्याच्या फांदीला लागली तर घंटी वाजते. पहिल्या पानावरच ती अडली. आडनाव विचारत होते. आमच्यात आडनाव शाळेच्या दाखल्यावरच गळून गेलं, पुढे नुसती इनिशियल आणि मागे राव. तिनं राव घातलं तर इतकी माणसं आली की टॅबच अडकून पडला. मी म्हटलं, "अर्धं बेंगळूर राव आहे, सगळ्यांना जेवायला बोलावणार का?" तिला राग आला नाही. तिला माझ्या बोलण्याचा राग क्वचितच यायचा, आणि त्याचा मी फार फायदा घेतला. रोज दुपारी भांडी झाली की चष्मा पुसून बसायची. इंग्रजी तिचंही बेताचंच, एकेक शब्द ओठ हलवून वाचायची. साइटवर इंग्रजीत, आणि जोडीला एका वहीत मराठीत. वहीत प्रत्येक बाईपुढे दोन नावं लिहायची, माहेरचं आणि सासरचं, कारण आमच्यात लग्नात नाव बदलतात आणि मग माहेरचं नाव कुणाच्या तोंडी राहत नाही. जुन्या वंशावळींत तर बायका नाहीतच. सगळे बाप्येच एकमेकांना झालेत.

एक दिवस ती टॅब घेऊन माझ्या खुर्चीपुढे उभी राहिली. चेहरा असा की हसावं की काय, ते तिचंच ठरत नव्हतं. "अहो, हे मशीन लाल खूण दाखवतंय. म्हणतंय तुमच्या आई मेल्यानंतर दोनदा बाळंत झाल्या." तिनं माझ्या वडिलांच्या वहीतली श्राद्धाची यादी उतरवली होती. त्यात 'लक्ष्मी' होती, माझ्या जन्माच्या वर्षी गेलेली. आणि माझे दोन धाकटे भाऊ त्यानंतरचे, त्यांचीही आई लक्ष्मीच. मी पेपर वाचत होतो. पेपरातूनच म्हटलं, "दोन होत्या."

"काय दोन होत्या?"

"लक्ष्मी."

मग सांगावं लागलं. मला जन्म देणारी अकराव्या दिवशी गेली. वर्षाच्या आत वडिलांनी दुसरी केली आणि आजीनं तिचं नावही लक्ष्मीच ठेवलं. घराला लक्ष्मी पाहिजे, ती कोण आहे ह्याच्याशी कुणाला काय. मला जिनं वाढवलं, अक्षरं शिकवली, ती ही दुसरी. आमच्या लग्नाआधीच ती गेली, म्हणून सुशीलानं तिला फक्त फोटोत पाहिलेलं. सुशीला ऐकून खालीच बसली. "बावन्न वर्षं झाली लग्नाला. आणि हे आत्ता?" मी म्हटलं, "तू विचारलं नाहीस." हे उत्तर नव्हतं, मला माहीत आहे.

पण ती एकदम उठून देवघराकडे गेली. दुसऱ्या बायकोनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, अशी रीत होती. आई गेल्यावर तो टाक देवात ठेवला होता आणि मी सुशीलाला कधी सांगितलं नाही तो कुणाचा. तिनं तो हातावर घेतला. "मी ह्याला कुलदेवी समजून रोज हळदकुंकू लावते! म्हणजे मी इतकी वर्षं सासूची पूजा करतेय?" मी म्हटलं, "मग काय बिघडलं? जिवंत सासूची कुणी करत नाही." ती हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मग शांत होऊन म्हणाली, "जिला रोज कुंकू लावते तिचं नाव मला माहीत नको? लक्ष्मी हे तुमच्या घराचं नाव झालं. तिचं काय?"

मला ते ठाऊक नव्हतं. आणि खरं लिहायचं तर जाणून घ्यायचंही नव्हतं. जिनं माझा शेंबूड पुसला तिला सोडून मी त्या पहिलीच्या मागे लागलो तर तिला काय वाटेल, असं मला ह्या वयातही वाटायचं. मी चिडून म्हणालो, "मला एक आई पुरे आहे." सुशीला म्हणाली, "तुम्हाला पुरे असेल. तिला एकच मुलगा होता."

मी पुन्हा पेपरात डोकं घातलं. तिनं मात्र मूळ गाव बाजूला ठेवलं आणि हीच एक गोष्ट धरली. सात-आठ महिने गेले. मग एका झाडावर तिला ओळ सापडली, 'थोरली मुलगी, बेंगळूरच्या शिंप्याकडे दिली, बाळंतपणात गेली, एक मुलगा', पुढे साल माझ्या जन्माचं, आणि नावाच्या जागी काहीच नाही. झाड लावणारी मुलगी इथंच बेळ्ळंदूरला कंपनीत कामाला होती. सुशीलानं तिला निरोप पाठवला. मुलीनं कळवलं की तिची आजी तुमकूरला असते, ती ह्या थोरलीची सख्खी बहीण, पण नाव विचारलं की तोंड फिरवते.

म्हणजे माझी मावशी. नव्वदीला टेकलेली, कृष्णाक्का म्हणतात तिला सगळे. सुशीलानं फोन लावला तर पहिल्याच दिवशी तिनं झाडलं. "सत्तर वर्षं तुमच्या घरातून कुणी विचारलं नाही, आता मशीनला पाहिजे म्हणून नाव देऊ? त्याला पाहिजे असेल तर तो विचारेल. तोंड नाही का त्याला?" सुशीला म्हणाली, "तोंड आहे अक्का, भलतंच आहे." तिथून दोघींचं जमलं. दर शनिवारी फोन. लोणच्याची चौकशी, गुडघ्यांची चौकशी, आणि माझी निंदा, तीही स्पीकर लावून, मला ऐकू जावी म्हणून. म्हातारी म्हणायची, "स्वल्प अक्कल दे त्याला." ही म्हणायची, "दुकानात मिळत नाही अक्का." पण नाव मावशीनं तिलाही सांगितलं नाही. आणि मी दर शनिवारी म्हणायचो, पुढच्या वेळी.

त्या रात्री सुशीलाला हॉस्पिटलातून घरी आणली. मुलाला सकाळचं विमान मिळालं. तो येईपर्यंत म्हणून शेजाऱ्यांनी बर्फाची पेटी मागवली आणि हॉलमध्ये ठेवली. सकाळी माणसं आली, बसली, कॉफी कुणी करायची ह्यावरून कुजबुज झाली. मुलाचा फोन आला, विमानतळावरून येताना हेब्बाळला गाडी अडकलीय, अजून तास लागेल. मी घड्याळाकडे बघितलं. दहाला पाच कमी. तिचा फोन उशाशीच होता. मी लोकांना म्हटलं, जरा बाहेर बसा. एक बाई म्हणाली, "अण्णा, आता कुणाला फोन करताय?" मी तुमकूरचा नंबर लावला.

स्पीकर लावला. तिची तशी पद्धत होती.

"सुशीला?" पलीकडून म्हातारी म्हणाली. "दिलास का आज त्याच्या हातात?"

"मी बोलतोय," मी म्हटलं. "लक्ष्मीचा मुलगा."

"कुठल्या लक्ष्मीचा?"

"पहिल्या."

मग म्हणाली, "आवाज आमच्या बापासारखा आहे तुझा. सून कुठंय? तिला दे, लिहून घेऊ दे. तुझं अक्षर कसं असेल देव जाणे."

मी म्हटलं, "सुशीला काल गेली, मावशी."

हे मी पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. तोपर्यंत सगळ्यांना शेजाऱ्यांनीच सांगितलं होतं. पलीकडे म्हातारी रडली नाही, नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. मग म्हणाली, "मग तूच लिही. वही घे."

वही टॅबखाली होती. मी पान काढलं. सुशीलानं तिथं रेघ मारून जागा मोकळी ठेवली होती.

"गोदा," मावशी म्हणाली. "आम्ही तीन बहिणी, गोदा, भीमा, मी कृष्णा. आमच्यात मुलींना तिकडच्या नद्यांची नावं ठेवायचे. कुणी बघितली नव्हती नदी, पण ठेवायचे. गोदाक्का म्हणायची मी तिला."

मी लिहिलं. ग वाकडा आला. खोडला नाही. फोन बंद केला, वही उचलली आणि पेटीजवळ जाऊन बसलो. ती वहीत लिहायची तसंच, आधी माहेरचं, मग सासरचं, असं तिला वाचून दाखवलं. गोदा. लक्ष्मी.