एका हाताची नोंद

माझ्या मामांना आयुष्यात कुठल्याही गोष्टीला एकदम हो म्हणता आलं नाही. चहा घेता का विचारलं तरी आधी म्हणायचे, "कालचा लई गोड झाला होता, नोंदवा," आणि मगच कप हातात घ्यायचे. कामगार संघटनेच्या सभांमध्ये उभं राहून हा एक शब्द त्यांनी इतक्या वेळा उच्चारला होता, की वाळूजच्या शिफ्टच्या बसमध्ये त्यांचं खरं नाव कुणाला आठवत नसे. सगळे त्यांना नोंदवामामा म्हणत. माझे मात्र ते सख्खे मामा होते, त्यामुळे त्यांच्या जिभेचा मोठा वाटा माझ्या पानात पडे.

माझ्या साखरपुड्याला मुलीकडच्या एका वडीलधाऱ्यांनी रीत म्हणून विचारलं, की सगळ्यांची पसंती आहे ना. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मामा उठले. म्हणाले, पोरगा निर्व्यसनी हाय, कामाला चांगला हाय, पण त्याला स्वतःचं मत नाय. कुणी दटावलं की गप बसतो. पुढं म्हणू नका की सांगितलं नव्हतं. सासरे हसत सुटले, त्यांना वाटलं मुलाकडची थट्टा. मी हसलो नाही, कारण मामा थट्टा करत नसत. भांडण झालं की माझी बायको अजूनही म्हणते, भर मांडवात एकच माणूस खरं बोलत होता.

मामा वाळूजला एका कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर होते आणि मलाही तिथं त्यांनीच लावलं. कानस कशी धरायची ते त्यांनी शिकवलं. मी घासलेला पहिला लोखंडी तुकडा, म्हणजे माझा पहिला जॉब, त्यांनी उजेडात धरून पाहिला, भंगारात टाकला आणि दहा जणांसमोर म्हणाले, "हा तुझ्या आईला नेऊन दाखव, तीच कौतुक करंल." दुसरा जॉबही भंगारात गेला. सातवा-आठवा त्यांनी न बोलता टेबलावर ठेवला, तेव्हा मला बोनस मिळाल्यासारखं झालं. संघटनेचा चिटणीसही मी त्यांच्यामुळेच झालो, कारण माझं अक्षर बरं होतं. उस्मानपुऱ्यात एका औषधाच्या दुकानावर आमचं कार्यालय होतं. तिथं इतिवृत्ताची लाल वही माझ्या हातात देताना ते म्हणाले, "जे बोललं गेलं तेच लिहायचं. दोन शब्द कमी पडले तर चालतंय. एक जास्तीचा नको." एवढं साधं काम होतं.

आता साहेबांविषयी सांगायला हवं. साहेब म्हणजे संघटनेचे अध्यक्ष. शिफ्टला बस त्यांनी आणली, कँटीनमध्ये गरम जेवण त्यांनी सुरू करायला लावलं, वर्षानुवर्षं तात्पुरते म्हणून राबणाऱ्यांना कायम केलं. माणूस दिसायला रुबाबदार, बोलायला गोड. अशात कंपनीनं फुटकळ कारणं काढून अकरा जणांना घरी बसवलं, त्यात मामा होते. साहेब गेटवर उभं राहून त्यांच्यासाठी रडले होते, मी पाहिलं आहे. चार-पाच वर्षांनी कंपनीतला एक कारकून निवृत्त झाला आणि जाता जाता एका कागदाची झेरॉक्स बाहेर देऊन गेला. त्रास देणाऱ्या कामगारांची ती यादी होती. त्याच अकरा जणांची नावं होती आणि अक्षर साहेबांचं होतं. साहेबांनी तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दिला आणि त्याच आठवड्यात उपाध्यक्ष अध्यक्ष झाले.

मामा तोवर चिकलठाण्यात एका शेडमध्ये लेथवर काम करत होते. पण संघटनेची वर्गणी त्यांनी थांबवली नव्हती, त्यामुळे सभासद होते आणि सभेला येत. कार्यालयासमोरच्या चहाच्या हॉटेलात तेव्हा दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे, साहेबांनी आपल्याला माणसात आणलं, एका कागदावरून ते सगळं पुसायचं का? मामा म्हणत, "बस त्यानं आणली, व्हय. त्या बसमधनं खाली कुणाला उतरवलं तेबी सांगा." पण एकदा एक जण तावातावानं म्हणाला, की साहेबांनी काहीच केलं नाही, बससुद्धा सरकारच्या दट्ट्यामुळं आली. तेव्हा मामा त्याच्यावरही उखडले. बस त्यानंच आणली, जे केलं ते केलं म्हणायचं, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. दोन्हीकडचे लोक मग त्यांच्यावर नाराज झाले. मामांना ते बरंच वाटलं असावं.

नव्या अध्यक्षांनी पहिल्याच सभेत ठराव आणला. साहेबांवर संघटना कसलीही कारवाई करणार नाही, चौकशी होणार नाही, हा विषय कायमचा बंद. संघटना पुढं न्यायचीय, मागचं उकरून काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं. राजीनाम्याच्या बदल्यात हे आधीच ठरलं होतं अशी कुजबुज होती, पण बोललं कुणीच नाही. अकरा जणांपैकी बहुतेक गावाकडं निघून गेले होते. दोघंच आले होते, मामा आणि वेल्डर रशीदभाई. रशीदभाई उठून म्हणाले, "जाने दो. आदमी है, डर गया होगा. मैंने माफ किया." टाळ्या वाजल्या. मामा त्यांच्याकडं वळून म्हणाले, की तुझी माफी तुझ्यापुरती, माझी माझ्यापाशी हाय. मग अध्यक्षांना म्हणाले, "ज्याला मार बसला तो माफ करंल. तुम्हाला कुठं लागलंय? आणि त्यानं काय केलं ते त्याच्या तोंडून ऐकायच्या आधीच माफ करताय. काय माफ करताय ते तरी कळू द्या."

हात वर करून मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं सगळे, विरोधात एक. मामांनी हात बराच वेळ वर ठेवला होता. माझ्याकडं बघून ते म्हणाले, "नोंदवा." अध्यक्ष नंतर माझ्या खुर्चीशी वाकून हळूच म्हणाले, एका हातासाठी वही कशाला घाण करतो, उद्या कुणी कोर्टात गेलं तर तुझीच साक्ष निघेल, आणि तू अजून कंपनीत आहेस. खरं तर त्यांना एवढं बोलायचीही गरज नव्हती. त्या वहीतला प्रत्येक ठराव त्याच दोन शब्दांनी संपत आला होता, हाताला त्यांचंच वळण पडलं होतं. मी लिहिलं, सर्वानुमते मंजूर. खाली सही केली. मामा कधी वही उघडून बघणार नाहीत, अशी मी माझी समजूत घातली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता म्हणूनच ते बघणार नव्हते, हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन महिन्यांनी एका रविवारी मी मामांकडं पोहे खात बसलो होतो. नळाला पाणी आलं होतं, त्यामुळं घरात भांड्यांची गडबड होती. दारात साहेब उभे. अंगानं निम्मे झालेले, हातात पेढ्यांचा पुडा आणि ठरावाची प्रत. आत येऊन त्यांनी मामांचे हात धरले. म्हणाले, बाकीच्यांचं सोडा, पण तुम्ही विरोध केला नाही हे वाचलं आणि कितीतरी दिवसांनी झोप लागली. मामांना काही कळेना. त्यांनी चष्मा लावला, प्रत वाचली, पुन्हा वाचली. माझं अक्षर त्यांनी ओळखलंच. मी पोह्यांची ताटली खाली ठेवली.

"हे खोटं हाय," मामा शांतपणे म्हणाले. "मी हात वर केला होता. माझ्या भाच्यानं तो कापला."

साहेब उठायला लागले. मामांनी त्यांना बसवलं, मामींना चहा टाकायला सांगितला आणि म्हणाले, घरी आलेल्याला असं घालवत नाय, चहा पिऊन जा. चहा आला. मामा त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले आणि त्यांनी विचारलं, की यादीत माझं नाव कितवं होतं. झेरॉक्स मामांच्याच कपाटात होती, नंबर त्यांना ठाऊक होता. साहेब खाली बघून म्हणाले, सातवं. का घातलं, असं मामांनी विचारलं. साहेबांनी कप बशीत फिरवला. शेवटी म्हणाले, "तुम्ही लई विचारायचे. माझ्या माणसांसमोर विचारायचे."

मामांनी मान हलवली. झाली चौकशी, एवढंच पायजे होतं, म्हणाले. साहेबांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते गेटवरच्या रडण्यासारखं नव्हतं. मामींनीसुद्धा पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, आता मामा विरघळतील. मामा म्हणाले, "आता कळलं काय माफ करायचं ते. नाय करणार." मग साहेबांनी कप रिकामा करेपर्यंत ते समोर बसून राहिले. पेढ्यांचा पुडा त्यांनी परत त्यांच्या हातात दिला.

ते गेल्यावर मी मामांचे पाय धरले. घाबरलो, चुकलो, सगळं बोलून टाकलं. त्यांनी पाय मागं घेतले नाहीत, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "माफी पायजे? आण की ठराव. सूचक तूच, अनुमोदक तूच. खाली लिही सर्वानुमते." त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर मी आज त्यांच्याविषयी जास्त प्रेमानं लिहिलं असतं. तरी प्रेम होतं आणि आहे, हे सांगायलाच हवं.

साहेब त्याच वर्षी वारले. मामांनी निदान शेवटी तरी जाऊन यावं, असं रशीदभाईंनी विनवून पाहिलं. मामा गेले नाहीत आणि बरं झालं असंही म्हणाले नाहीत. त्या दिवशी लेथवर काम करत राहिले. कार्यालयात साहेबांचा मोठा फोटो लागला, हारासकट. मी चिटणीसपद सोडलं. वहीतली नोंद दुरुस्त करा असा अर्ज द्यावा, हे मला रोज सुचायचं आणि मी रोज दुसऱ्या दिवसावर ढकलायचो. मामांनी माझ्याशी बोलणं तोडलं नाही. सणाला बोलावत, माझ्या मुलीला खांद्यावर घेत, माझ्या हातचा एखादा जॉब घरी नेला तर तो अजूनही उजेडात धरून बघत. फक्त मी कशावरही त्यांचं मत विचारलं, की म्हणत, "विचारतोस का लिहून आणलंस?" घराला रंग कोणता द्यावा विचारलं तरी हेच. गेल्या वर्षी दवाखान्यात ऑपरेशनच्या संमतीचा कागद मी त्यांच्यापुढं धरला, तेव्हा त्यांना धाप लागत होती. तरी त्यांनी मला तेच विचारलं, कागद डॉक्टरांना वाचून दाखवायला लावला आणि मगच सही केली. त्यानंतर ते माझ्याशी काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

शोकसभा उस्मानपुऱ्याच्या त्याच खोलीत झाली. तेव्हाचे नवे अध्यक्ष आता म्हातारे झाले होते. ते छान बोलले. मामा कडक होते पण मनानं राजा माणूस, ज्यानं त्यांचं वाटोळं केलं त्यालाही त्यांनी माफ केलं, आपल्या वहीत तशी नोंद आहे, असं म्हणाले. लोकांनी हळहळून माना हलवल्या. मग ठराव आला, की मामांचा फोटो साहेबांच्या फोटोशेजारी लावावा. सूचक झाला, अनुमोदक झाला. माझा हात वर गेला. मी उभा राहून म्हणालो, की मामांनी माफ केलेलं नाही, ती नोंद खोटी आहे, ती मी केली आहे. त्या भिंतीवर त्या फोटोशेजारी मामांना लावायला माझा विरोध आहे, नोंदवा. माझा आवाज फाटला होता. शेजारच्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. अध्यक्ष म्हणाले, भाच्याचं दुःख आपण समजू शकतो. मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले.

आताची चिटणीस एक हुशार मुलगी आहे, लॅपटॉपवर लिहिते. दोन दिवसांनी ग्रुपवर इतिवृत्त आलं. ठराव सर्वानुमते मंजूर. मी तिला फोन केला. ती अगदी आदरानं बोलली. म्हणाली, काका, शोकसभेत कुणी विरोध लिहितं का, आणि एका हातासाठी कशाला वाईट दिसायला. हे वाक्य मला पाठ होतं. मी फोन ठेवून दिला. एकट्यानं वर केलेला हात किती जड होतो, हे मला या वयात कळलं.

संध्याकाळी मी चिकलठाण्याला मामांच्या घरी गेलो. मामी मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, उभा राहिलो, बोललो, विरोध केला.

"लिहिलं का पण?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. त्यांनी हातातली मेथीची काडी खुडून संपवली. मग ताट बाजूला सारून उठल्या.

"चहा टाकते," मामी म्हणाल्या. "पिऊन जा."

चहा आला. मामी स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या आणि मी कप रिकामा करेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.