हंगूलसाठी मागितलेली रजा

आमच्या बोरिवलीच्या घराच्या मागच्या गॅलरीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसायचे. त्या डोंगरांनी माझा जेवढा घात केला तेवढा कुणी केला नसेल. मी ज्याला ज्याला म्हणून सांगितलं, की ऑक्टोबरात मला काश्मीरला जायचंय, दाचीगामच्या राष्ट्रीय उद्यानात फोटो काढायला, तो प्रत्येक जण गॅलरीत उभा राहून त्या डोंगरांकडे बोट दाखवायचा. "पार्क तर इथेच आहे की! सकाळी जा, जेवायला परत ये." शेजारच्या वहिनी म्हणाल्या, खालचा वाणी म्हणाला, आईच्या भजनी मंडळातल्या बायकांनी तर सुरात सांगितलं. सुरुवातीला मी हसून घ्यायचे. पुढे पुढे कुणी बोट वर केलं की ते मोडावंसं वाटायचं.

ही गोष्ट पंचाऐंशीच्या आसपासची. मी सत्तावीस वर्षांची होते आणि अंधेरीला एका ऑफिसात कारकून होते. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती, घरात मी आणि आई, आणि चूल माझ्या पगारावर. मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी तक्रार करायला नको.

माझ्याकडे एक जुना रशियन कॅमेरा होता, विटेएवढा जड. रविवारी तो गळ्यात अडकवून मी पार्कात जायचे, माकडांचे आणि फुलपाखरांचे फोटो काढायचे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण मढची, तिथल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतली. तिचा भाऊ शिपवर होता. त्याने तिला परदेशातून एक लांबलचक लेन्स आणून दिली आणि म्हणाला, कॅमेरा पुढच्या फेरीला आणतो. पुढच्या फेरीला त्याने टेपरेकॉर्डर आणला. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिची लेन्स माझ्या कॅमेऱ्यावर फिरवून बघितली, ती घट्ट बसली. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर बसलेला कावळा इतका जवळ दिसला, की त्याच्या चोचीवरचा ओरखडासुद्धा मोजता आला. "झकास!" ती ओरडली, आणि हेडक्लार्कने मान वर केली.

हंगूल तिनेच शोधून काढला. लायब्ररीतल्या एका इंग्रजी मासिकात त्याचा फोटो होता: झाडाच्या फांद्यांसारखी शिंगं असलेलं काश्मीरचं हरण, भोवती लाल झालेली चिनारची पानं. खाली लिहिलं होतं की शरदात नर ओरडतात, दरीच्या या टोकाचा आवाज त्या टोकाला जातो. आमच्याकडे पानं एक तर हिरवी असतात, नाहीतर गळलेली असतात. आख्खा डोंगर लाल होतो म्हणजे काय होतं, ते आम्हाला बघायचं होतं. तिच्याकडे लेन्स, माझ्याकडे कॅमेरा. एकेकट्या गेलो तर दोघींचाही उपयोग शून्य.

मग सहा महिने आम्ही दुसरं काही बोललो नाही. डिक्शनरी घेऊन बसून मी जंगल खात्याला इंग्रजीत पत्र लिहिलं, पाच वेळा फाडलं, सहाव्यांदा टाकलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. टाइप केलेलं, शिक्का मारलेलं, त्यावर आम्हा दोघींची नावं आणि आठ दिवसांच्या तारखा. ते पत्र मी इतक्या वेळा उलगडलं की घडीवर चीर पडली. जम्मूपर्यंतचं रिझर्व्हेशन झालं. मढच्या एका बंगल्यात सिनेमाचं शूटिंग चालायचं, तिथल्या कपडेवाल्याकडून तिने दोन लोकरी कोट मिळवले. एका कोटाला रक्ताचा डाग होता, खोट्या रक्ताचा, पण जाता जाईना.

राहिली रजा. आमचा साहेब रजेच्या बाबतीत महाखडूस. तिची त्याने कशीबशी मंजूर केली, माझा अर्ज मात्र तसाच पेपरवेटखाली. तेव्हा मी जे केलं, ते कोकणातला माणूसच करील. साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "साहेब, आमचं गाव तुमच्या गावापासून तीन मैलांवर. तरीने खाडी ओलांडली की आमची वाडी." साहेब एकदम विरघळला! खुर्ची दिली, चहा सांगितला, तरीवरचा म्हातारा नावाडी अजून आहे का विचारलं, आणि बोलता बोलता सही केली. मी नाचत घरी आले आणि आईला सगळं सांगितलं: आपला साहेब गाववाला निघाला, एका मिनिटात काम झालं. हे मी काकाच्या देखत सांगितलं. मूर्खपणा म्हणजे किती असावा!

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गिरणीतून रिटायर झालेले, दहिसरला राहायचे. तोंडावर मी त्यांना अहो-जाहो करायचे, मनात कधीच केलं नाही, तेव्हा इथेही करत नाही. बाबा गेल्यावर काकाने आमची जबाबदारी घेतली होती. म्हणजे दर रविवारी येऊन तो चहा प्यायचा आणि मी काय करू नये ते सांगायचा. त्या दिवशी त्याने बशी खाली ठेवली.

"गणपतीक रजा नाय म्हणतस, आणि हरणाक रजा हा?"

त्या वर्षी गावच्या घरातल्या गणपतीची पाळी आमची होती. भावकीत गणपती आळीपाळीने येतो आणि ज्याची पाळी त्याच्या घरातल्या प्रत्येकाने हजर राहायचं. मी म्हटलं, रजा मोजकी आहे, यंदा मला माफ करा. मग सुरू झालं. लोक काय म्हणतील, दोन पोरी एकट्या, दुसरी तर नात्यातलीही नाही, लग्नाचं काय. अगदी शेवटी म्हणाला, गाडी पंजाबातून जाते, पेपर वाचत नाहीस का. त्या एका गोष्टीत तथ्य होतं, पण ती त्याला सगळ्यात शेवटी आठवली. मी म्हटलं, "तुम्हाला माझ्या जिवाची काळजी नाही, तुमच्या नाकाची आहे." आई मध्ये पडली. तोड निघाली ती अशी, की मी दोन दिवस गावी यायचं आणि त्याबदल्यात काकाने काश्मीरचं नाव काढायचं नाही. काकाने आईच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

म्हणून मी गेले. एसटीत रात्रभर हाडं खिळखिळी करून घेतली, घर सारवलं, गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला कवंडळांची रानफळं बांधली, पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे घरातला थोरला माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. काका हात जोडून उभा राहिला. कुणाची गाय व्यायची होती, कुणाचा मुलगा दहावीला बसला होता, कुणाची जमिनीची केस. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. मीही म्हणत होते. आणि मग त्याच सुरात, डोळे मिटून, काका म्हणाला, "आणि आमच्या ह्या चेडवाच्या मनात जो काय डोंगर शिरलोसा, तो काढून टाक, आणि तिचा पाऊल घरात थिर कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पन्नास माणसं म्हणाली. माझ्या बाजूला उभी असलेली आई म्हणाली. तिचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

"नाय म्हाराजा!" मी म्हटलं.

असं कधी कुणी म्हणत नाही. गाऱ्हाण्यात नाही म्हणायची सोयच नाही. बायकांनी तोंडाला पदर लावले. काकाने डोळे उघडले नाहीत. मग कुणीतरी घाईघाईने झांज वाजवली आणि आरती सुरू झाली.

परसात भांडी घासताना आई म्हणाली, "तू देवाला नाही म्हणालीस."

"मी काकाला म्हणाले."

"गाऱ्हाण्यात काका नसतो."

"मग तू होय का म्हणालीस?"

"सगळे म्हणाले," आई म्हणाली, आणि राखेने टोप घासत राहिली. मला ते उत्तर अजून पुरलेलं नाही.

मुंबईला आल्यावर दहा दिवसांनी साहेबाने केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कागदाच्या पुडीत मालवणी खाजं होतं, आणि साहेब एक तुकडा चघळत होता. "तुमचे काका येऊन गेले," साहेब म्हणाला. "फार सज्जन माणूस. गावच्या खूप गप्पा झाल्या." मग त्याने माझा अर्ज पुढे ओढला. आपल्याच सहीवर त्याने लाल शाईने काट मारली होती. "मोठ्या माणसांचं ऐकावं. डोंगर कुठे पळून जात नाहीत. आणि तुम्ही बोरिवलीला राहता ना? तिथे पार्क आहे की!"

मी म्हटलं, रजा माझी आहे, साठवलेली आहे. तो म्हणाला, मंजूर करणं न करणं माझ्या हातात आहे. मी म्हटलं, बिनपगारी जाते. तो म्हणाला, मेमो देईन, आणि परत आल्यावर ही खुर्ची असेलच असं नाही. घरात दुसरा पगार नव्हता, हे काकाने त्याला सांगितलेलं असणारच. मी केबिनमधून बाहेर आले ती तशीच दहिसरला गेले. काका दारात पेपर वाचत बसला होता.

"कबूल केलं होतंत! आईच्या डोक्यावर हात ठेवून!"

"काश्मीराचा नाव मी काढूक नाय," तो शांतपणे म्हणाला. "साहेबाकडे फकस्त गावच्या गजाली केलंय. आणि म्हटलंय, पोरीक सांभाळा."

"बाबा असते तर मला स्टेशनवर सोडायला आले असते."

"बाबा नाय हा," काका म्हणाला, आणि पेपरचं पान उलटलं. मी त्याला पुन्हा काका म्हणून हाक मारली नाही. तो गेला तेव्हासुद्धा नाही.

इथवर सांगितलं की ऐकणारे काकाला शिव्या घालतात. मलाही बरं वाटतं. बरीच वर्षं मी इथेच थांबायचे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणीने सगळं ऐकून घेतलं. साहेबाच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग म्हणाली, "माझी रजा तर आहे गं. मी जाते. माझ्या आयला घेऊन जाते. तू कॅमेरा दे. काढलेले फोटो दोघींचे."

यात काय चूक होतं? काहीच नाही. परवानगी हातात होती, लेन्स तिच्याकडे होती, माझ्या कॅमेऱ्यावर तिने पार्कात चार रविवार हात बसवला होता. मी म्हटलं, "शटर अडकतंय."

"काल तर नाय अडकलं."

"थंडीत अडकेल. तुला दुरुस्त करता येणार नाही."

"मग मला शिकव ना, यार. पंधरा दिवस आहेत."

"नाही," मी म्हटलं. "माझा आहे. मी नाही देत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी जाणार नाही तर हंगूलचा फोटोही निघणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं, आणि मला वाटतं तिला ते माझ्या तोंडावर वाचता आलं. "कॅमेरा नीट आहे," ती म्हणाली. "तूच नीट नायस." आणि ती डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. मी तिच्या मागे गेले नाही. मला गारगार वाटलं, खोटं कशाला बोलू. कुणाला तरी अडवता आलं होतं.

ती गेली. कॅमेऱ्याशिवाय, तिच्या म्हाताऱ्या आईला घेऊन, जिने मढची खाडी सोडून फारसं काही बघितलं नव्हतं. परवानगीच्या पत्रावर माझं नाव होतं, त्याचं तिने तिथे काय केलं, कोण जाणे. खोट्या रक्ताचा कोट म्हातारीने घातला. ते आठ दिवस माझा कॅमेरा कपाटात होता. मी त्याला हातसुद्धा लावला नाही.

नोव्हेंबरात ती कामावर आली. सगळ्यांसाठी अक्रोड आणले होते, माझ्या टेबलावरही ठेवले, इतरांइतकेच.

"दिसला?" मी विचारलं.

"दिसला."

"किती लांब होता? ओरडला का?"

तिने फाइल उघडली आणि काम सुरू केलं. मला वाटलं, दोन दिवस फुगेल, मग सांगेल. आम्ही त्यानंतर अकरा वर्षं शेजारी बसलो. तिने माझ्याशी अबोला धरला नाही. सुकटीची चटणी आणायची तेव्हा अर्धी मला द्यायची. माझी आई गेली तेव्हा मढहून सगळ्यात आधी तीच आली, रात्र माझ्याजवळ बसली. आणि मी आडून आडून विचारायचे, तिकडे थंडी कशी होती, पानं खरंच लाल होतात का. ती विषय बदलायची, तेही सहज, हसत.

तिने नोकरी सोडली त्या दिवशी ऑफिसात वडा-चहा झाला. सगळे पांगल्यावर मी सरळच म्हटलं, "अकरा वर्षं झाली गं. अजून राग आहे का माझ्यावर? सांग ना एकदा, कसा होता तो."

तिने माझा हात हातात घेतला. "राग कसला गं, वेडी," ती म्हणाली. "तेवढं एक फक्त मी माझ्यापाशी ठेवलंय."