बाळंतपण उदगीरला झालं होतं

"बीपी किती वर्षांपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"बीपी नाही तिला," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान वर केली. "नहीं है बोले तो, आखरी बार कब नापे थे?"

मी पडद्याकडे पाहिलं. पडद्याच्या पलीकडे माझी पत्नी सुनंदा खाटेवर पडली होती. तिचा उजवा गाल ओघळला होता, उजवा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा बाजूला पडून होता. डोक्याचा सीटी स्कॅन नुकताच आला होता. 'हायपरटेन्सिव्ह ब्लीड' असं डॉक्टर म्हणाल्या आणि लगेच समजावूनही सांगितलं. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला राहिला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिजत जातात, आणि एक दिवस त्यातली एखादी फुटते.

एक दिवस म्हणजे त्याच दिवशी सकाळी. सिकंदराबादजवळ तारनाक्याच्या आमच्या घरात सुनंदा ब्लाउज शिवायची कामं घेते. टेबलावर कापड पसरून ती बेतत होती. मी आत दाढी करत होतो. कात्री पडल्याचा आवाज आला. "काय पडलं गं?" मी विचारलं. ती काहीतरी बोलली, मला कळलं नाही. शिवणकाम करताना ती टाचण्या ओठांत धरते, तेव्हा तिचं बोलणं असंच गोळा होऊन येतं. मी दाढी पुरी केली. तोंड धुऊन बाहेर आलो, तर ती जमिनीवर बसून डाव्या हाताने उजवा हात उचलून पाहत होती.

ओठांत टाचण्या नव्हत्या.

हे लिहितोय ते माझं मन हलकं व्हावं म्हणून नाही. ते होणार नाही. ज्यांच्या घरी असं होऊ शकतं, त्यांनी हे वाचावं, एवढ्यासाठी.

सुनंदाला आयसीयूत नेल्यावर डॉक्टर पुन्हा बाहेर आल्या. साखर आहे का, किडनीचा त्रास आहे का, घरात कुणाला पक्षाघात झाला होता का, असं विचारत गेल्या. मी सगळ्याला नाही म्हणत गेलो. इतकी वर्षं कुठल्याही दवाखान्यात तिच्या वतीने मीच बोलत आलो होतो. ती शेजारी बसायची, मी सांगायचो.

"प्रेग्नन्सी नॉर्मल?"

"नॉर्मल. एकच मुलगी. थोडी लवकर झाली, सिझर करावं लागलं, एवढंच."

"नाही डॉक्टर," मागून आमची जुई म्हणाली. ती कॉलेजातून तशीच आली होती, पाठीवर सॅक होती. "माझ्या वेळी मम्मीला फिट आली होती. बीपी खूप वाढलं होतं. आज्जीने सांगितलंय मला."

मी तिच्याकडे पाहिलं. "मला कुणी नाही सांगितलं."

"तुम्ही विचारलं होतं का, बाबा?"

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरून चोळी झाली आणि सुनंदा उदगीरला गेली. मी सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत नोकरीला, तेव्हा नवा होतो. एक दिवस कचेरीतल्या फोनवर सासऱ्यांचा निरोप आला. मुलगी झाली, जरा लवकर झाली, बीपी थोडं वाढलं होतं, आता दोघी ठीक आहेत. मी चार दिवसांनी बर्फी घेऊन गेलो. सुनंदाचा चेहरा सुजलेला होता. बाळंतिणीचा चेहरा असाच असतो, असं मला वाटलं. बाळ काचेच्या पेटीत होतं. मी बर्फी वाटली आणि परत आलो. तिसऱ्या महिन्यात ती बाळाला घेऊन घरी आली, ओटीत नारळ, हातात हिरव्या बांगड्या. सगळं पार पडलं होतं.

त्या दिवशी आयसीयूच्या बाहेरून मी सासूबाईंना फोन लावला. त्या बराच वेळ रडल्या, मग म्हणाल्या, "काय सांगू जावईबापू, पोर हातची गेली व्हती. डोळ्याला दिसंना झालं, मग दात कचाकचा लागले. डॉक्टर म्हनले, पोट फाडून लेकरू काढावं लागंल, न्हाय तर दोगी जातील. तुमाला कसं सांगावं? तुमच्या मायनं म्हनलं असतं, दुखनायीत पोरगी गळ्यात मारली."

माझ्या आईने तसं म्हटलं असतं. हेही मी जाणून होतो. म्हणून त्यांच्यावर रागावता आलं नाही.

डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं ते जसं कळलं तसं लिहितो. 'प्रीएक्लॅम्प्सिया' म्हणजे गरोदरपणाच्या उत्तरार्धात रक्तदाब वाढणं. बरोबर लघवीतून प्रथिनं जातात, किंवा किडनी, यकृत, मेंदू यांवर ताण दिसू लागतो. झटके आले की त्यालाच 'एक्लॅम्प्सिया' म्हणतात. बाळामागून वार बाहेर पडली की रक्तदाब बहुधा हळूहळू उतरतो, आणि सगळ्यांना वाटतं की संपलं.

"पहले हम लोगां भी वैसाच समझते थे," डॉक्टर म्हणाल्या. "लेकिन रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला जो धक्का बसतो, तो काहींच्या बाबतीत राहून जातो." हिंदी, तेलुगू, थोडं मराठी, जे हाताशी येईल त्यात त्या बोलत होत्या. अशा बायकांना पुढे कायमचा रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात, किडनीचे आजार यांचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. प्रत्येकीला होतंच असं नाही. म्हणूनच दर वर्षी रक्तदाब मोजायचा, साखर आणि लघवी तपासायची, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेल्यावर पहिल्यांदा बाळंतपणातलं सांगायचं.

"ह्या ब्लीडला तेच एक कारण, असं मी नाही म्हणणार," त्या म्हणाल्या. "पण मोजलं असतं तर दिसलं असतं. गोळी चालू झाली असती."

नोकरीतल्या तपासणीत माझं बीपी वरचेवर मोजलं जात होतं. कुटुंबाचं वैद्यकीय कार्ड माझ्या पाकिटात होतं. सुनंदाचं डोकं दुखायचं, तेव्हा मी दोनदा तिच्या चष्म्याचा नंबर बदलून आणला.

आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यांवर माणसं उशा, पाण्याच्या बाटल्या घेऊन संसार मांडतात. आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या मुस्लिम बाई बसायच्या, त्यांचा मुलगा आत होता. मी चहा घेईना, तेव्हा त्यांनी कप माझ्या हातात कोंबला. "पियो जी. तुम गिर गए तो बच्ची किस-किस को उठाएगी?" दोन दिवसांनी त्यांचा मुलगा गेला. जाताना त्यांनी जुईच्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

तिथेच डॉक्टरांनी जुईला बोलावलं. "तू भी बैठ." आईला हा आजार झाला असेल तर त्या बाळंतपणातल्या मुलांमध्येही पुढे रक्तदाब वाढलेला आढळू शकतो, लहान वयातही, आणि लवकर जन्मलेल्यांत जरा जास्तच. सिस्टरने जुईच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहून पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या हातावर.

"टेन्शन आहे म्हणून असेल," मी म्हणालो.

"बाबा, प्लीज," जुई म्हणाली. "आता माझंही तुम्हीच सांगू नका."

पुढे तिला 'अँब्युलेटरी मॉनिटर' लावला. म्हणजे दिवसरात्र दंडाला पट्टा, तो आपोआप फुगतो आणि नोंद करत राहतो. कॉलेजात मैत्रिणींनी विचारलं तर म्हणाली, दंड फुगवायची मशीन आहे, जिमची फी परवडत नाही. घरी आल्यावर मात्र उशीत तोंड घालून पडून राहिली. रक्तदाब खरंच वाढलेला निघाला, थोडा. किडनी आणि हृदय चांगलं आहे. सध्या गोळी नाही. मीठ कमी, चालणं, आणि ठरलेल्या दिवशी तपासणी. पुढे कधी तिला दिवस गेले तर पहिल्याच भेटीत आईचं सांगायचं, म्हणजे डॉक्टर सुरुवातीपासून लक्ष ठेवतील. हे ऐकताना ती पुढे सरकून बसली होती आणि स्वतः प्रश्न विचारत होती. मी भिंतीकडे पाहत होतो. माझ्या मुलीला तिच्या जन्माने काय दिलं, हे तिला एका दवाखान्यात परक्यांकडून कळत होतं.

सुनंदा वाचली. पायात बळ परत आलं, काठी घेऊन चालते. उजव्या हाताच्या बोटांत कात्री बसत नाही. आणि तिला 'अफेजिया' झाला, म्हणजे समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. सुरुवातीला एकच शब्द उरला होता. पाणी हवं, कात्री. खिडकी लावा, कात्री. मी समोर गेलो की मला बोट दाखवून, कात्री. जुई म्हणाली, "मम्मी, हे मात्र बरोबर बोललीस. सगळ्यांचं बोलणं मधेच कापतात." सुनंदा अर्ध्या तोंडाने हसली. आजारपणानंतरचं ते तिचं पहिलं हसू.

बोलणं शिकवायला येणारी मुलगी जुन्या शहरातली, हिजाब घालणारी, भारी कडक. पहिल्याच दिवशी तिने मला ताकीद दिली. "अंकल, इनको लफ्ज नहीं मिला तो आप नक्को देना. मिनट लगे, दस मिनट लगे. बैठ के सुनने का."

हे माझ्याने होत नव्हतं. सुनंदा अडकली की माझ्या तोंडातून शब्द निघायचा, आणि तिचे डोळे मिटायचे.

गेल्या आठवड्यात त्या मुलीने सांगितलं, "आंटी, आज अपनी कोई बात सुनाओ. मराठी में. मेरे को समझ में नहीं आई तो भी चलता, घरवाले सुनते."

सुनंदाने जुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उदगीर," ती म्हणाली.

मी खुर्चीच्या हाताला धरून बसलो.

"डोकं... लई. डोळ्यांपुढं... काजवे. मग काहीच... नाही. अंधार." डाव्या हाताने तिने डोळ्यांवरून आडवी रेघ ओढली. "उठले. आई रडत... होती. जुई... ऐकली. दिसली नाही. दोन दिवस... दिसली नाही."

जुई उठून तिच्या पायाशी जाऊन बसली.

"म्हटलं... आंधळी झाले. कुणाला... सांगितलं नाही." ती थांबली. श्वास घेतला. "मग हे... आले. हातात..."

शब्द सापडेना. ती हवेत बोटांनी चौकोन करत राहिली. ओठ मिटले, उघडले. तो शब्द मला माहीत होता. तो पुडा मीच नेला होता, मीच सगळ्यांना वाटला होता, आणि तिचं तोंड गोड करून तासाभरात स्टँडवर निघालो होतो. शिकवणाऱ्या मुलीने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

मी गप्प बसलो.

बाहेर भाजीवाला ओरडत जवळ आला आणि ओरडत लांब गेला. सुनंदाच्या कपाळावर घाम आला. चौकोन करणारी बोटं थांबली, पुन्हा सुरू झाली. मी ओठ दाताखाली धरले.

"बर्फी," ती म्हणाली.

आणि मग तिने पुढचं सांगायला सुरुवात केली.