मागचं डावं दार

काळी गाडी मी माझ्या मनाने कधीच घेतली नसती. काळ्या रंगावर धूळ दिसते, पाण्याचा थेंब सुकला तर तोही दिसतो. ही गाडी माझ्या साडूभाऊंची, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. पाच वर्षांपूर्वी त्यांनी ती मला विकली, आणि आयुष्यात एकदाच मी भाव न करता पैसे मोजले. बायकोने आदल्या दिवशी बजावलं होतं, "ताईच्या घरी घासाघीस करायची नाही. केलीत तर मी पुन्हा तिकडे तोंड दाखवणार नाही."

मी जुन्या बारदानाचा माणूस. चांदवडकडच्या खेड्यातून विंचूरच्या बाजारात आलो तेव्हा कांद्याच्या फाटक्या गोण्या गोळा करायचो, शिवायचो आणि परत विकायचो. आज पंचवटीत दुकान आहे, तीन पिकअप आहेत. हे सगळं एका सवयीवर उभं राहिलं. गोणी उन्हाकडे धरायची, ठिगळं मोजायची, खिशातल्या डायरीत लिहायची आणि मगच भावाला तोंड उघडायचं. साडूभाऊंकडेही मी तेच केलं. भाव करायचा नव्हता, तरी चहा येईपर्यंत गाडीभोवती फिरून एकेक खोट टिपून घेतली. ते टिपण वापरता आलं नाही, हे पाच वर्षं बोचत राहिलं. बारसं असो की वर्षश्राद्ध, साडूभाऊ दिसले की मी म्हणायचो, "गाडीत तुम्ही मला चांगलं कापलंत." ते नुसते हसायचे. माल खपवून मोकळा झालेला माणूसच असं हसतो, अशी माझी खात्री होती.

यंदा त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. ती कॉलेजात याच गाडीतून जायची. तिने हट्ट धरला की मांडवात आपल्या जुन्या काळ्या गाडीतूनच यायचं. मी हो म्हणालो. पण सकाळच्या उन्हात गाडीकडे नीट पाहिलं आणि लाज वाटली. बोनेटवर कोळ्याने जाळं विणावं तशा बारीक गोल रेषा, रंग काळा कमी आणि राखाडी जास्त. बायको म्हणाली, "पॉलिश करून आणा. नवरी बसणार आहे."

पाथर्डी फाट्याजवळ एक जण हे काम करतो. सुरगाण्याकडचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याने बोनेटवर बॅटरीचा उजेड टाकला.

"गाडी कोण पुसतं, शेठ?"

"मीच. रोज सकाळी."

"कोरड्या फडक्यानं?"

"मग काय दुधानं पुसू?"

"ही जाळी तुमच्याच हाताची हाय. धूळ असते ना, ती घासता तुम्ही रोज. गोल गोल."

मला वाटलं, आता हा काम मोठं करून दाखवणार. त्याने भाव सांगितला. मी अर्ध्यावर आणला. तो "जमणार नाय" म्हणाला. मग मी माझं ठरलेलं केलं, पाठ फिरवली आणि गेटकडे निघालो. चाल मुद्दाम सावकाश. दहा पावलांत मागून हाक येते, असा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. हाक आली नाही. गेटपाशी वळून पाहिलं तर तो पाण्याची नळी गुंडाळत होता. चष्मा विसरल्याचा बहाणा करून मी परत आलो आणि त्याच्याच भावात काम दिलं. चष्मा माझ्या नाकावरच होता.

मग स्टूल ओढून समोरच बसलो. पैसे पूर्ण देतोय तर बघतो तरी, कुठल्या बाटलीतून काय किती ओततो. त्याने आधी फेस मारून गाडी धुतली. मग ओल्या पत्र्यावरून मळलेल्या कणकेसारखा एक गोळा फिरवला. गोळा पांढरा होता, तो पाहता पाहता तपकिरी झाला. धुतलेल्या गाडीतून एवढा मळ? मी तो गोळा हातात घेऊन आतून तपासला. 

मशीन लावण्याआधी त्याने काडेपेटीएवढं एक यंत्र काढलं. रंग किती जाड आहे ते त्यावर आकड्यात दिसतं. रंग पातळ असेल तर जपून घासावं लागतं, नाहीतर खालचा पत्रा उघडा पडतो. बोनेट, टप, पुढची दारं, सगळीकडे आकडा शंभरच्या आसपास. मागच्या डाव्या दाराशी तो थांबला. तीन ठिकाणी यंत्र टेकवलं.

"शेठ, हे दार पुन्हा रंगवलेलं हाय. आकडा अडीचशेच्या वर चाललाय."

"म्हणजे ठोकलेलं?"

"ठोकलेलं म्हणा, घासलेलं म्हणा. काम चांगलं केलंय. डोळ्याला कळत नाय."

खरं तर मला राग यायला हवा होता. पण आधी आनंद झाला. पाच वर्षं मी ज्या हसण्याचा अर्थ लावत होतो, तो आज आकड्यात दिसत होता.

"त्या दाराला हात लावू नको," मी म्हणालो. "बाकी गाडी चमकव. ते तसंच ठेव."

"असं कसं? लग्नाची गाडी ना?"

"पुरावा हाय तो." राग चढला की माझी चांदवडची बोली बाहेर येते.

तिथूनच साडूभाऊंना फोन लावला. "ठोकलेली गाडी गळ्यात मारलीत तुम्ही माझ्या."

"कोण म्हणालं?"

"यंत्र म्हणालं. दार रंगवलेलं आहे."

"कुठलं दार?"

"मागचं डावं."

ते नुसतं "हं" म्हणाले.

"हं काय? गाडी लग्नाला येणार नाही. मी येणार नाही. तुमच्या मेहुणीलाही पाठवणार नाही."

"लग्न होऊ द्या," ते हळू म्हणाले. "मग तुम्ही म्हणाल ते करू."

मी फोन कापला. बाजारात खरा माणूस ओरडतो आणि चोर गप्प बसतो. मला आणखी काही ऐकायची गरज नव्हती.

संध्याकाळी गाडी घेऊन घरी आलो. सगळी गाडी आरशासारखी आणि एक दार तव्यासारखं. साडूभाऊंसमोर नुसतं यंत्राचं नाव घेऊन भागणार नव्हतं. घेताना गाडीत काय काय खोट होती ते टिपलेली डायरी पुढे टाकायची, असं ठरवून मी कपाटातल्या जुन्या डायऱ्या उपसल्या. बायको भाचीच्या रुखवताला लोकरीचं तोरण विणत बसली होती. तिने मान वर केली नाही. हे मला तेव्हा खटकलं नाही.

पान सापडलं. माझंच अक्षर. "बोनेट, दगडाचे तीन टिपके. पुढचा उजवा मडगार्ड खरचटलेला. मागचं डावं दार, हँडलखाली दोन ओरखडे, बोटभर, खोल, आतलं पांढरं दिसतं."

पुन्हा वाचलं. मग खाली जाऊन दार पाहिलं. हँडलखाली बोट फिरवलं. ओरखडे नव्हते. रोज त्यावरून फडकं फिरवूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आतलं पांढरं दिसणारे ओरखडे फडक्याने पुसून जात नाहीत. ते रंगाखाली गेले होते. म्हणजे मी गाडी घेतली तेव्हा दार रंगवलेलं नव्हतं. रंगवलं ते नंतर, गाडी माझ्या घरी आल्यावर.

मी आधी वॉचमनवर संशय घेतला. मग ड्रायव्हरवर. जिना चढताना मनातल्या मनात एकेकाला उलटं टांगत होतो. दारात पोचलो आणि रंगाचा वास आठवला. तीन वर्षांपूर्वी कांद्याच्या हंगामात बारदानाच्या सौद्यासाठी मी नामपूरला चार दिवस अडकलो होतो. परत आलो तर घराचं गेट आणि त्याचे दोन्ही खांब ताजे रंगवलेले. विनाकारण खर्च केला म्हणून मी बायकोशी भांडलो होतो. रंगाऱ्याला बोलावून त्याचे पैसेही कापले होते.

"तेव्हा गेट का रंगवलं होतं?" मी विचारलं.

तिने सुई लोकरीत खोचून ठेवली. "खांबाला गाडी घासली होती."

"कोणी घासली?"

"मी. ड्रायव्हिंगचा क्लास लावला होता. तुम्हाला नंतर सांगणार होते."

"आणि दार?"

"दाजींनी करून दिलं. त्यांच्या ओळखीच्या गॅरेजात, तीन दिवसांत."

"त्यांना सांगितलंस. मला नाही?"

"दाजी ओरडत नाहीत."

"मी तरी काय केलं असतं?"

"किल्ली," ती म्हणाली. एवढंच.

किल्लीची गोष्ट अशी. त्याच्या आदल्या वर्षी ड्रायव्हरने पिकअप भिंतीला घासली. मी भर गल्लीत त्याच्या हातातून किल्ली हिसकावली आणि नाल्यात फेकली. नंतर मलाच पँट वर करून ती शोधावी लागली, म्हणून मी हा किस्सा विनोद म्हणून सांगतो. बायको तेव्हा गॅलरीत उभी होती. ती या किस्स्याला कधी हसली नव्हती.

"पैसे कोणी दिले?"

"मी द्यायला गेले होते. घेतले नाहीत. म्हणाले, गाडीच्या भावातून तेवढे कमी झाले असं समज."

म्हणजे भाव कमी झाला होता. मला तेवढा कळू दिला नव्हता.

मी शांत राहिलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी ओरडलो. सगळ्या गावाला माहीत आणि मी एकटाच मूर्ख, असं काहीतरी. ओरडता ओरडता पाहिलं तर तिने डोळे घट्ट मिटले होते, फटाका फुटायची वाट पाहताना मिटतात तसे. माझं वाक्य अर्ध्यात राहिलं. डायरी कपाटात ठेवली आणि मी खाली जाऊन गाडीजवळ उभा राहिलो.

सकाळी पाथर्डी फाट्यावर गेलो.

"दार पण घे," मी म्हणालो.

"आणि पुरावा?"

"निकाल लागला."

त्याने विचारलं नाही, कोणाच्या बाजूने. नंतरच्या रंगाला मशीन हळू लावावं लागतं, एवढं सांगून त्याने दुपारपर्यंत वेळ घेतला. उन्हात चारी बाजूंनी पाहिलं. ठिगळ मला सापडलं नाही.

तिथून गंगापूर रोडला साडूभाऊंकडे. बोललेला भाव मी कधी उघडपणे मागे घेतला नाही. इथे तर मागून कोणी हाकही मारणार नव्हतं, वळायचं ते मलाच होतं. दोनदा त्यांच्या गल्लीवरून पुढे गेलो. तिसऱ्यांदा आत वळलो. अंगणात मांडवाचे बांबू पडले होते. साडूभाऊ बाहेर आले.

"गाडी आणलीय," मी म्हणालो.

ते सरळ मागच्या डाव्या दाराशी गेले आणि वाकून पाहू लागले. "बोलली का ती?"

"बोलली."

"तुम्ही तिला काय बोललात?"

"काही नाही."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी गोणी उन्हाकडे धरून पाहतो, तसं.

"थोडं बोललो," मी म्हणालो.

त्यांनी तिथेच, माझ्यासमोर, फोन लावला. "काय गं, बरी आहेस ना? हे आलेत इथं... हो, गाडी घेऊन. काय म्हणाले तुला? खरं सांग." मग ते बराच वेळ ऐकत राहिले. माझ्या हातात किल्ली होती. ती कुठे ठेवावी ते मला कळेना.

"म्हणतेय, दोन वाक्यं बोलले आणि खाली निघून गेले."

"तीन होती," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. फोन माझ्यापुढे धरला. "बोला."

"उद्या हळदीला किती वाजता निघायचं?" तिने विचारलं.

"तू म्हणशील तेव्हा."

साडूभाऊ गाडीच्या चकचकीत काळ्या दारात वाकून मिशी नीट करत होते, त्यांना काही ऐकूच आलं नसल्यासारखे.