निगेटिव्हमधली चांदी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही, असा तिचा ठाम समज आहे.

सांगलीत आमचा फोटो स्टुडिओ. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरू केलेला. ते दिवस अजून नाकात आहेत — फोटो पक्का करणाऱ्या हायपोचा आंबूस वास, लाल दिवा, ट्रेमधल्या कोऱ्या कागदावर हळूहळू उमटणारा चेहरा. कितीदा पाहिलं तरी जीव हरखायचा. आता फोटो काढल्याबरोबर दिसतो. चांगलंच आहे म्हणा. पण ती वाट बघण्यातली मजा गेली, ती गेलीच.

अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे, "निगेटिव्ह आमच्याकडं हाय. कवाबी या." मागच्या खोलीत फळ्यांवर खोकीच खोकी होती — लग्नं, बारशी, लाकडी घोड्यावर बसवलेली पोरं. त्या घोड्यावर न रडलेलं पोर मी पाहिलं नाही.

मग डिजिटल आलं. अण्णा तोवर गेले होते. निगेटिव्ह मागायला आता कोण येणार? — प्रश्न मीच विचारला, उत्तरही मीच दिलं. विट्याचा एक ओळखीचा गलाईवाला, सोनं-चांदी गाळणारा, म्हणाला, "जुन्या काळ्या-पांढऱ्या फिल्ममधी चांदी असती गड्या. जाळली की निघती." मला नवा कॅमेरा घ्यायचा होता. म्हणून — हो, विकल्या. पोती भरून, सगळ्या.

एवढंच असतं तर कधीच सांगून मोकळा झालो असतो.

काही वर्षांनी कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं. ओसरल्यावर मी चिखल काढत होतो, तेव्हा नदीकाठच्या गावातल्या एक आक्का आल्या. पिशवीतून फ्रेम काढली. काचेला कागद चिकटलेला, चेहरा पार धुऊन गेलेला. त्यांची लेक लहानपणीच तापानं गेली होती. तिचा हा एकच फोटो, आणि तो मीच काढलेला. "निगेटिव्ह असंल न्हवं?" त्यांनी विचारलं. अण्णांच्या शब्दावर विसंबून त्या इतक्या लांब आल्या होत्या.

मी चिखलाकडे हात केला. म्हणालो, पुरात गेल्या.

आक्कांनी फ्रेम पुन्हा पिशवीत ठेवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माझा एकच फोटू गेला, भाऊ. तुमच्या तर बापाची समदी कमाई गेली की! लय वंगाळ झालं." माझी समजूत घालत होत्या — त्या, माझी!

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोललो.

सिनेमा करायची हौस मला तरुणपणापासून. तेव्हा फिल्मचं रीळ कुणाला परवडत होतं? आता कॅमेरा खिशातच आला होता. पुरात फोटो गमावलेल्या माणसांवर मी मोबाइलवर छोटा माहितीपट केला. आक्काही त्यात बोलल्या. लेकीचं सांगता सांगता माझ्याकडे वळल्या, आणि बापाच्या कमाईचं तेच पुन्हा, तितक्याच कळवळ्यानं बोलल्या.

संकलनही मोबाइलवरच. बोट लावलं की वाक्य उडतं. मी कितीतरी उडवली. आक्कांचं ते मात्र ठेवलं. का? — तिथे लोक रडणार, हे मला कळत होतं. वर त्या वाक्याला जोडून मागच्या खोलीतल्या रिकाम्या फळ्या दाखवल्या, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट. त्या फळ्या पुराच्या कितीतरी आधी रिकाम्या झाल्या होत्या.

पुण्यात एका महोत्सवात तो दाखवला. आक्कांना मीच हौसेनं घेऊन गेलो होतो. पडद्यावर फळ्या आल्या, आणि शेजारी बसलेल्या आक्कांनी अंधारात माझा हात धरला. सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. मीही सोडवून घेतला नाही.