ताणावरचा संत्रा

झाडांवर इतकी माया करणारा आणि झाडांना इतकं छळणारा माणूस माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याखेरीज वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. आमची अमरावतीला संत्र्याची बाग, हात उंच केला तरी शेंडा न लागणारी झाडं. त्या घरचे हे जावई अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगात हिशेब लिहायचे आणि कुठल्याशा इंग्रजी मासिकातली जपानी चित्रं पाहून संत्री, डाळिंबं, लिंबं वीतभर उंचीची करायचे. फुटक्या बरण्यांची बुडं, तुपाचे डबे काहीच त्यांना वर्ज्य नव्हतं. बहिणीच्या रुखवतातल्या परातीलाही भोकं पाडून त्यांनी तिची कुंडी केली. मुळं छाटायला कात्री तिच्याच शिवणाची. झाडाला झाडाएवढं होऊ न देण्यात कसली कला, हे मला आजही कळलेलं नाही.

एका पावसाळ्यात ते मला घेऊन माझ्यासाठी मुलगी पाहायला गेले. मुलगी पोहे घेऊन आली तेव्हा भाऊजी जागेवर नव्हते. परसात यजमानांच्या डाळिंबाच्या फांदीची साल सोलून, तिच्यावर शेणमाती आणि गोणपाट बांधून ते गुटी करत होते. पुढं मी नकार कळवतो म्हटलं, तर मलाच दरडावलं, "मुळं फुटेपर्यंत थांबा. आता नाही म्हटलं तर फांदी कोन देईल?" दोन महिने त्या भल्या माणसांना आम्ही झुलवत ठेवलं. गुटी काढून आणली, मग नकार. माझ्या तोंडाला काळं फासलं गेलं आणि यांच्या डब्यात डाळिंब लागलं.

पण खरा जुलूम परातीतल्या संत्र्यावर. जांभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर आमच्याच बागेतल्या संत्र्याचा डोळा बांधून कलम केलेलं ते झाड. त्याला फळ धरवायचं ही भाऊजींची जिद्द. पावसाच्या तोंडी फुलणारा मृग बहार यावा म्हणून आमच्याकडे मे महिन्यात बागेचं पाणी तोडतात. झाड सुकत जातं, आणि पुढं पाणी मिळालं की फुलतं. यालाच ताण देणं म्हणतात. बागेत मुळं खोल असतात हो. परातभर मातीतल्या झाडाला अकोल्याच्या उन्हात ताण देणं म्हणजे खून. हे मी सांगितलं, तर म्हणाले, "कठोर झाल्याबिगर बहार येत नाही बापू. तुमाले नाही समजनार."

दरवर्षी मात्र संध्याकाळी माती ओली निघायची. बोट खुपसून ते बहिणीकडे बघत, "कोनं पानी घातलं याले?" ती देवाची शपथ घ्यायची. त्यांना पटायचं नाही. मग मृग लागेपर्यंत तिच्याशी अबोला, आणि आल्यागेल्याला सांगणं, की बाईमाणूस खोटं बोलते.

अशाच एका उन्हाळ्यात मी दुपारी ओसरीवर पडलो होतो. घर झोपलेलं. भाऊजी जेवायला आलेले, ते अंगणात उकिडवे बसले होते. डोक्यावर घ्यायचा ओला पंचा ते संत्र्यावर पिळत होते आणि झाडाला म्हणत होते, "पी. सांगू नको कोनाले."

वळले तर मी. माणूस इतका ओशाळला की मलाच मान खाली घालावी लागली. "त्याचा जीव जाताना पाहवत नाही बापू," म्हणाले, "घरात बोलू नका."

त्या संध्याकाळी पुन्हा मातीत बोट, पुन्हा तोच सवाल. बहीण म्हणाली, "मले कीव येते त्याची, पन पानी मी नाही घातलं. बापू, तू होता ना घरी? तूच सांग."

जावयाचा मान म्हणा, माझा भेकडपणा म्हणा, मी ताटात पाहून जेवत राहिलो. नंतरही कितीतरी उन्हाळे ती खोटारडी ठरली, आणि मी त्या अंगणात आंबरस खाऊन आलो.

भाऊजी गेले, त्याच्या पुढच्या मे महिन्यात मी अकोल्याला गेलो. बहिणीनं त्यांच्या शिस्तीनं झाड ताणावर ठेवलं होतं. पानं वळली होती, माती कोरडी ठणठणीत. आता विचारणारं कोणी नव्हतं. तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं.

तिनं वळलेलं एक पान बोटांनी उलगडलं. मग म्हणाली, "तवा सांगतलं असतं तर भांडली असती रे त्यायच्याशी. आता कोनाशी भांडू?"

उठून तिनं तांब्या भरून आणला. अर्धा झाडाला घातला आणि उरलेला घालायला माझ्या हाती दिला.

त्या वर्षीही संत्र्याला फूल आलं नाही.