पाणी बरोबर

आमच्या सासऱ्यांचा हात लागला नाही असा नळ, अशी कडी, असं गॅसचं बटण या घरात नाही. बावीस वर्षं मी इथे स्वयंपाक करते आणि बावीस वर्षं ते माझ्या मागून गॅस बघतात. मी ओट्यापासून दोन पावलं लांब गेले की सपातांचा आवाज आलाच म्हणून समजा. "सूनबाई, गॅस?" मी म्हणते, "केला बंद." ते "बरं" म्हणतात आणि तरीही आत जाऊन बटणाला हात लावून येतात. आता जाऊन बघायचंच आहे तर मला विचारता कशाला? लग्नाच्या पहिल्या वर्षी मी नवऱ्याला हेच विचारलं, तर नवरा म्हणाला, "स्वभाव आहे अप्पांचा, सोडून दे." मी काही सोडून दिलं नाही. मला ते लागायचं. नणंद आली की तिच्याही मागे असेच फिरतात हे खरं, पण नणंद चार दिवसांनी आपल्या घरी जाते.

गल्लीत त्यांना तपासनीस म्हणतात. शेजारचे बाहेरगावी निघाले की कुलूप लावून हाक मारतात, "तपासनीस, जरा ओढून बघा हो." हे दोनदा ओढून बघतात. एकदा आम्ही सगळे सिनेमाला गेलो होतो. मध्यंतरात हे गायब. घरी जाऊन मोरीतला नळ बघून आले. सिनेमाचा शेवट मी त्यांना रिक्षात सांगितला, आणि तो सांगतानाही त्यांचं लक्ष कुठे होतं देव जाणे.

अप्पा तरुणपणी वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. फायरमन म्हणजे भट्टीत कोळसा टाकायचा आणि बॉयलरमधलं पाणी सांभाळायचं. निवृत्त झालेले रेल्वेवाले मी पुष्कळ पाहिलेत, एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. आमचे अप्पा इंजिनाबद्दल चकार शब्द बोलत नाहीत. एवढंच ठाऊक होतं की सव्विसाव्या वर्षी त्यांनी आपणहून इंजिन सोडलं आणि शेडच्या स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. तिथेच नट-बोल्ट मोजत जन्म काढला. का, असं सासूबाईंनी म्हणे एकदाच विचारलं होतं. त्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत.

मग ते पत्र आलं. गावाबाहेर जुनं लोको शेड होतं, तिथे आता रेल्वेचं संग्रहालय झालंय. तिथल्या व्यवस्थापकांनी लिहिलं होतं की अप्पा ज्या इंजिनावर होते ते दुरुस्त होऊन पुन्हा धावायला लागलंय, लोकांना डब्यात बसवून बागेभोवती चक्कर मारतं. इंजिनाशेजारी त्याच्या इतिहासाचा फलक लावायचाय. त्या इंजिनावर काम केलेले आता तुम्ही एकटेच उरलात, तेव्हा रविवारी या, मजकूर वाचा आणि बरोबर आहे म्हणून सही द्या.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला माहीत. माणूस एका जागी टेकेना. पत्र वाचायचे, घडी घालायचे, खिशात ठेवायचे, परत काढायचे. सकाळी म्हणायचे, "जायचं नाही मला." दुपारी बघावं तर शर्टाला इस्त्री चाललेली. भिंतीवरचं घड्याळ सेलवर चालतं, तरी दिवसातून चारदा त्याच्यासमोर जाऊन उभे. जेवताना अर्ध्यातून उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे आणि "मी जेवलो का?" असं मलाच विचारायचे. मला वाटलं, म्हाताऱ्याला आनंद झालाय. आनंद असा असतो होय? पण माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

रविवारी नवऱ्याची ड्युटी होती, म्हणून मीच बरोबर निघाले. निघताना माझ्या चष्म्याचं घर सापडेना. मी आतल्या खोलीत गाद्या उलट्यापालट्या करतेय आणि अप्पा बूट घालून जिन्यात उभे. बाहेरून हाक आली, "सूनबाई, गॅस?" मी आतूनच ओरडले, "केला." आणि ते चक्क जिना उतरायला लागले. हे माझ्या लक्षात आलं बसस्टॉपवर. आज आत येऊन बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. बावीस वर्षांनी का होईना, सुनेचा शब्द पटला.

संग्रहालय छान ठेवलंय. शेडच्या रुळांवर जुने डबे ओळीने उभे आहेत, साहेब लोकांचा एक डबा आहे त्यात पितळी कड्यांचा पलंग आणि चक्क न्हाणीघर. इंजिन फिरवायचं गोल चक्र आहे, ते हाताने ढकललं तरी फिरतं. एका खोलीत पुठ्ठ्याच्या तिकिटावर तारखेचा ठसा मारून देतात. मी दोन घेतली. अप्पांना दाखवायला वळले तर ते तिथे नव्हते. ते त्यांच्या इंजिनाजवळ जाऊन पोचलेही होते.

काळंभोर, चकचकीत, धूर सोडत उभं होतं. अप्पा त्याच्यापासून दहा हात लांबच थांबले होते. व्यवस्थापक लगबगीने आले, पाया पडले, खुर्ची मागवली. अप्पा खुर्चीवर बसले नाहीत. फलक अजून लावायचा होता, चाकाला टेकवून ठेवलेला. इंजिन कधी बनलं, किती धावलं, असं बरंच काही होतं. शेवटचं वाक्य मी मोठ्याने वाचलं. "एका फेरीत चालकाने फायरमनकडे पाण्याची विचारणा न केल्याने बॉयलर कोरडा पडून सुरक्षेसाठी बसवलेला शिशाचा प्लग वितळला आणि हे इंजिन तीन महिने शेडमध्ये उभे राहिले."

"लोकांना अशा गमती आवडतात," व्यवस्थापक म्हणाले. "चौकशीच्या जुन्या फायलीत मिळालं. बरोबर आहे ना अप्पा?"

अप्पा म्हणाले, "आधी एक चक्कर मारून येतो." आणि सही राहिली.

आम्ही लाकडी बाकांच्या डब्यात बसलो. शिट्टी झाली, धक्का बसला, पोरं किंचाळली. तळ्याच्या कडेने, झाडांतून, एका खोट्या बोगद्यातून गाडी निघाली. मला मजा येत होती. अप्पा मात्र खिडकीतून अर्धे बाहेर, कान इंजिनाकडे. तळहात मांडीवर घासत होते. मी म्हटलं, "आत घ्या डोकं, कोळसा जाईल डोळ्यात." त्यांनी ऐकलं नाही. गाडी पुरती थांबायच्या आत खाली उतरले आणि तरातरा इंजिनाकडे निघाले. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. मी मागे धावतेय.

इंजिनावर फायरमन म्हणून एक तिशीतली बाई होती, कोपरापर्यंत काळी झालेली. अप्पांनी खालूनच विचारलं, "काच तपासली?"

"दर फेरीला तपासते, आजोबा," ती हसून म्हणाली. "वर या, दाखवते."

तिने आम्हा दोघांना वर घेतलं. बाप रे, काय ती धग. भट्टीच्या वर एक काचेची उभी नळी होती, तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तिथे दिसतं. पण नळीच्या तोंडाशी गाळ बसला तर बॉयलर रिकामा होत आला तरी काचेत पाणी तसंच उभं राहतं, फसवतं. म्हणून नुसतं बघून चालत नाही, खालचा कॉक फिरवून नळी रिकामी करायची आणि पाणी परत झपकन चढतं का बघायचं. तिने कॉक फिरवला, फस्सकन वाफ गेली, पाणी उतरलं आणि चढलं. मग ती पलीकडे उभ्या ड्रायव्हरला म्हणाली, "पाणी बरोबर."

"हे अजून म्हणता?" अप्पा काचेवरून नजर न काढता म्हणाले.

"म्हणायलाच लागतं. हे विचारणार, 'पाणी?' मी बघून सांगणार, 'पाणी बरोबर.' ड्रायव्हरला समोर रूळ बघायचे असतात, ते काचेकडे कधी बघणार? माझ्या शब्दावरच गाडी चालते."

अप्पांनी कॉकच्या मुठीला हात लावला. घरी गॅसच्या बटणाला लावतात तसाच. मग भराभर खाली उतरले, पायरी चुकली, मी धरलं. खाली फलकापाशी पांढऱ्या केसांची एक बाई उभी होती, हातात रेल्वेचा जुना हातदिवा. व्यवस्थापकांनी ओळख करून दिली. या इंजिनाच्या जुन्या ड्रायव्हरची मुलगी, निवृत्त नर्स. वडिलांचा दिवा संग्रहालयाला द्यायला आली होती.

अप्पा मागे सरकले. मला वाटलं चक्कर येतेय.

ती फलक वाचत होती. शेवटच्या ओळीवर थांबली. व्यवस्थापकांना म्हणाली, "हे लिहायलाच हवं का?"

"तुम्हाला नको असेल तर काढू," ते ओशाळून म्हणाले. "पण फायलीत तसंच आहे."

"फायलीत आहे ते मला माहीत आहे. त्या फायलीपायी बाबांना मेन लाइनवरून काढलं. शेवटपर्यंत यार्डात डबे ढकलत राहिले. रोज संध्याकाळी घरी येऊन एकच वाक्य, 'मी विचारलं होतं.' मी दहा वर्षांची होते तेव्हापासून ऐकत आलेय. शेवटी शेवटी आई म्हणायची, पुरे करा आता, झालं ते झालं. मीसुद्धा म्हटलंय." तिने दिवा या हातातून त्या हातात घेतला. "असू दे. लावा फलक. दिवा तेवढा कुठेतरी नीट ठेवा."

व्यवस्थापकांनी पेन अप्पांपुढे धरलं. अप्पांनी ते घेतलं, टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं. पाच-सहा पावलं फेऱ्या मारल्या. मी म्हटलं, "अहो अप्पा, करा ना सही, ताटकळलेत सगळे." माझ्या तोंडाला तेव्हा कुलूप लागलं असतं तर बरं झालं असतं.

अप्पा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. तोल जाईल म्हणून मी त्यांचा हात धरला.

"उस्तादांनी, तुमच्या बाबांनी, विचारलं होतं," ते म्हणाले. "मी म्हणालो, पाणी बरोबर. मी कॉक फिरवलाच नव्हता. आदल्या रात्री मुलगा झाला होता, झोप नव्हती. काचेत पाणी दिसत होतं, नुसतं तोंडाने म्हणालो. आणि चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, मला कुणी विचारलंच नाही."

इंजिन फुसफुसत होतं. आदल्या रात्री झालेला तो मुलगा म्हणजे माझा नवरा. मला राग आला, खरं सांगते. असला माणूस आमच्या घरात, आमच्या ताटाला ताट लावून जेवतो, आणि मी त्याचा हात धरून उभी आहे. आणि हात सोडवतही नव्हता.

बाईने दिवा खाली ठेवला. मग म्हणाली, "परत सांगा. पहिलं वाक्य."

"उस्तादांनी विचारलं होतं."

"परत."

"विचारलं होतं त्यांनी. मीच..."

"बस. पुढचं नको." तिने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "माफ वगैरे करायला सांगू नका मला. आई ऐकायला राहिली नाही."

"नाही सांगणार," अप्पा म्हणाले.

ती व्यवस्थापकांकडे वळली. "ओळ काढू नका. बदला. चालकाने विचारले होते, असं लिहा."

"पण रेकॉर्डमध्ये..." व्यवस्थापक चाचरले.

"रेकॉर्ड मी केलंय," अप्पा म्हणाले. "द्या कागद. फायरमनने न तपासता उत्तर दिले, असं लिहा आणि खाली माझं पूर्ण नाव घाला." तिथेच इंजिनाच्या पायरीवर कागद ठेवून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि सही केली. दोनदा वाचून बघितलं. मग तिसऱ्यांदा वाचलं.

परतीच्या बसमध्ये अप्पा शांत बसले होते, हात मांडीवर, अगदी स्थिर. आता चुळबुळ माझी सुरू झाली. बावीस वर्षं मी समजत होते की त्यांचा माझ्यावर विश्वास नाही. अहो, माझ्यावर कुठला, 'केला' या शब्दावरच नव्हता त्यांचा विश्वास. एकदा स्वतःच्या तोंडून तसला शब्द निघाल्यावर दुसऱ्याच्या तोंडचा कसा खरा वाटणार? हे सगळं मनात चाललं असताना मी एकदम सीटवरून अर्धी उठले. सकाळी दूध तापत ठेवलं होतं. चष्म्याच्या घराच्या नादात मी आतल्या खोलीत होते. त्यांनी विचारलं, मी 'केला' म्हणाले. पण केला होता का? ओट्यापाशी जाऊन बटण फिरवलेलं काही केल्या आठवेना.

घर येईपर्यंत मी किती सिग्नल मोजले सांगता येत नाही. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले, किल्ली दोनदा पडली. स्वयंपाकघरात धावले. दुधावर साय धरली होती. बटण बंद होतं. मी ते हाताने चाचपलं, वर दाबून बघितलं, आणि तशीच ओट्याला टेकून उभी राहिले.

अप्पा सावकाश वर येऊन दारात थांबले. "काय झालं?"

मी म्हणू शकले असते, काही नाही. जिभेवर आलंही होतं.

"सकाळी मी न बघताच सांगितलं, अप्पा. गॅस बंद केला म्हणून."

त्यांनी ओट्याकडे बघितलं. मग विचारलं, "आता बघितलास?"

"हात लावून बघितला."

"बरं," ते म्हणाले. आत आले नाहीत. तिथेच खुर्चीवर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मी चहा टाकला, दोन कप गाळले, गॅस बंद केला. कप घेऊन दोन पावलं आले असेन. मग कप टेबलावर ठेवले, परत गेले आणि बटणाला हात लावून आले.